गुरुवारचं खोकं

आमचे अप्पा दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता परळच्या एका नाक्यावर, गिरणीच्या भिंतीशी, लाकडी खोक्यावर उभे राहून अर्धा तास बोलायचे. ऊन असो, पाऊस असो, संप असो, गुरुवार म्हणजे गुरुवार. समोर माणसं किती? दहा-बारा. त्यात दोघं बसची वाट बघणारे, एक जण हातातले शेंगदाणे संपेपर्यंत थांबणारा. एक म्हातारा मात्र दर वेळी अगदी पुढे बसून मान डोलवायचा. तो ठार बहिरा होता हे मला फार उशिरा कळलं. कपाळ माझं!

हे अप्पांचं काम होतं, हौस नव्हे. आमच्या अँग्लिकन ख्रिस्ती मंडळीनं त्यांना उपदेशक म्हणून नेमलं होतं. पाद्रीसाहेब निराळे, उपदेशक निराळा. पाद्रीसाहेब देवळात पांढरा झगा घालून वेदीपाशी उभे राहणार, आणि उपदेशक कोपरावर ठिगळ लावलेल्या कोटात रस्त्यावर. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही घरात देऊळच म्हणायचो. देवळामागच्या दोन खोल्या या नेमणुकीबरोबर मिळालेल्या. माझा जन्म तिथलाच, आणि मी चोवीस वर्षांची होऊन मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले तरी आम्ही तिथेच होतो.

मला त्या खोक्याची लाज वाटायची. आता सांगायला काय जातंय? बरोबरच्या शिक्षिका गिरगावात राहणाऱ्या, चांगल्या घरच्या. एखादीला परळला काम निघालं आणि तो गुरुवार असला, तर मी एक स्टॉप आधीच उतरून, मागच्या गल्लीतून, तिला वळसा घालून न्यायचे. एकदा एकीनं विचारलंच, "अगं, हा लांबचा रस्ता कशाला?" मी म्हटलं, "तिकडे घाण फार असते." घाण! माझ्या बापाला मी घाण म्हटलं, आणि त्या रात्री पोटभर जेवले. माझा स्वभाव असा, जीभ आधी, डोकं नंतर.

वर्षाच्या शेवटी उपदेशकानं छापील अहवाल भरून द्यायचा असे. माझं अक्षर बरं म्हणून शाळेत असल्यापासून तो मीच लिहायचे, अप्पा सांगायचे. किती सभा, कुठे, कोणता विषय, आणि शेवटच्या रकान्यात नुसता एक शब्द छापलेला: फळ. म्हणजे यातून किती जण विश्वासात आले, किती जणांनी बाप्तिस्मा घेतला. त्या रकान्यापाशी आलं की अप्पा जरा खाकरायचे आणि म्हणायचे, "ती जागा सोड." मग खाली शेऱ्यात लिहायला सांगायचे, "खोके सुस्थितीत आहे. देवाची कृपा." मी चिडायचे. "अप्पा, खोक्याचं कशाला लिहायचं? हसतात हो लोक!" ते म्हणायचे, "अगं, तेवढं तरी टिकलंय ना. पहिल्या दिवशी शिवडीच्या गोदामातून आणलं तेच आहे."

ते खोकं घरी नसे. नाक्याला लागून एक चाळ होती, तिच्या तळमजल्यावर कोकणातल्या गिरणीकामगारांच्या भजनी मंडळाची खोली. तिथे मृदंग आणि टाळांच्या शेजारी अप्पांचं खोकं पडलेलं असे. अप्पा पोहोचायच्या आत ते नाक्यावर येऊन बसलेलं असायचं. कोण आणून ठेवतं, मी कधी विचारलं नाही. त्या मंडळाचे बुवा अप्पांहून थोडे लहान, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला, बोलणं मालवणी वळणाचं. ते अप्पांना मास्तर म्हणत. देवाच्या गोष्टीत दोघांचं जमायचं नाही, आणि तंबाखूच्या बाबतीत तर मुळीच नाही. पण एकमेकांना पाहिल्यावर दोघांचे चेहरे खुलायचे.

मग आमच्याकडे नवे पाद्रीसाहेब आले. तरुण, आपलेच मराठी, नाशकाकडचे, आणि अंगात नुसती आग. तिसऱ्याच रविवारी त्यांनी उपदेशात सगळ्यांची हजेरी घेतली. म्हणाले, "येशूची सुवार्ता सांगणं हे प्रत्येकाचं काम आहे. तुमच्या चाळीत, तुमच्या हापिसात, तुमच्या शेजारणीला. पण तुम्ही काय करता? आमच्याकडे त्यासाठी एक माणूस ठेवलाय, असं म्हणता आणि घरी जाऊन झोपता. उपदेशक आहे म्हणून तुम्ही सगळे सुटलात!" इस्त्रीचे कोट घालून गिरगावातून आलेली आमची मंडळी बुटांकडे बघत बसली. अप्पा शेवटच्या बाकावर होते. ते मान हलवत होते, आणि मला वाटलं, आता हे रडणार.

पुढच्याच आठवड्यात पाद्रीसाहेब आमच्या खोलीवर आले. चहा घेतला, आईची चौकशी केली, आणि मग सरळच सांगितलं. उपदेशकाची जागा बंद करावी असं त्यांनी वर कळवलं होतं. अप्पांना नाशकाकडच्या एका खेड्यात, शाळेवर नेमता येईल. खोल्या सोडाव्या लागतील. "तुमच्यावर राग नाही, मास्तर. पण सव्वीस वर्षांत त्या नाक्यावरून एक माणूस देवळात आलेला नाही. आणि तुम्ही तिथे उभे आहात तोवर बाकीचे बसून राहणार." शेवटचं ठरवायला फोर्टातून आर्चडीकनसाहेब स्वतः एक गुरुवार बघायला येणार होते. आर्चडीकन म्हणजे बिशपच्या खालोखालचा अधिकारी. हे इंग्रज होते, पण आयुष्य इकडेच गेलेलं.

पाद्रीसाहेब गेल्यावर आईनं भांडी अशी घासायला घेतली की शेजारी कळावं. मी तर तडतडतच होते. "काल आलेला माणूस! ह्यांना काय कळतं? तुम्ही तोंड का नाही उघडलंत?" अप्पा पायरीवर बसून चष्मा पुसत होते. म्हणाले, "त्यांचं खरं आहे." मग माझ्याकडे न बघता ते जे बोलले ते मला आजही ऐकू येतं. "खोली जाते तर जाऊ दे गं. पण सव्वीस वर्षांत एक तरी माणूस ऐकत होता, एवढं जरी मला कळलं असतं ना…" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. उठून आत गेले.

त्या एका अर्ध्या वाक्यानं मी पेटले. आणि मी जे केलं ते सांगते.

दिवस कुठले होते? परळ-लालबागला तेव्हा दुसरा विषयच नव्हता. भिंती चुन्यानं आणि गेरूनं रंगलेल्या, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. पोरं लगोरी खेळतानासुद्धा तेच ओरडायची. गोळीबार होऊन गेला होता, संचारबंदी होऊन गेली होती, सत्याग्रहात माणसं पकडली जात होती. आमच्या मंडळीतले वडीलधारे म्हणायचे, आपण यात पडू नये, आपण मूठभर लोक. नाक्यावर एकानं अप्पांना डिवचलं होतं, "मास्तर, तुम्ही कुणाच्या बाजूचे? साहेबाच्या की आमच्या?" अप्पा म्हणाले, "बाबा रे, माझी ही मराठी दुसऱ्या कुठल्या राज्यात कुणी ऐकून घेणार आहे का?" तो हसला आणि विषय संपला.

आर्चडीकनसाहेबांना पत्र लिहायचं काम पाद्रीसाहेबांनी माझ्याकडेच दिलं, अक्षर बरं ना माझं! "पुढचा कुठलाही गुरुवार लिहा," म्हणाले. मी नाक्यावर गेले. भिंतीवर ताजा गेरू होता: येत्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता जंगी जाहीर सभा. म्हणजे पाचपासूनच माणसांचा समुद्र असणार. फोर्टातल्या गोऱ्या साहेबाला काय कळतंय कोण कशासाठी जमलंय? मी घरी आले आणि पत्रात तोच गुरुवार लिहिला. मला वाटलं, वा, काय डोकं चालवलं!

नाताळाआधीचे ते दिवस, हवेत थोडा गारवा. पावणेपाचला मी, पाद्रीसाहेब आणि आर्चडीकनसाहेब नाक्यावर पोहोचलो आणि मीच हबकले. गर्दी असेल हे ठाऊक होतं, पण एवढी? रस्ता दिसत नव्हता. गॅलऱ्यांतून बायका, कठड्यांवर पोरं, रस्त्यावर गिरणीतून सुटलेली माणसं डबे मांडीवर घेऊन बसलेली. एका टोकाला मंच, त्यावर लाउडस्पीकर. आम्ही एका दुकानाच्या उंच ओट्यावर उभे राहिलो. आर्चडीकनसाहेबांनी टोपी काढली. त्यांचं मराठी पुस्तकी होतं, पण स्वच्छ. "हा तर फार मोठा समुदाय आहे," ते हळूच म्हणाले. "दर गुरुवारी इतके जमतात?"

मी म्हटलं, "हो साहेब. दर गुरुवारी."

पाद्रीसाहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. भिंत त्यांनीही वाचली होती. माझी अब्रू राखावी की खरं सांगावं, ह्या पेचात तो भला माणूस घामाघूम झाला.

तेवढ्यात अप्पा आले. तोच कोट, काखेत छत्री, हातात शास्त्र, म्हणजे बायबल. गर्दी बघून थबकले. मग त्यांना ओट्यावर आम्ही दिसलो आणि माणसांतून वाट काढत ते सरळ आमच्याकडे आले. मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं आता काय होणार. मी खाली वाकून दबक्या आवाजात म्हटलं, "अप्पा, गप्प राहा! पाया पडते तुमच्या, काही बोलू नका!" त्यांना ऐकूच गेलं नाही, किंवा गेलं असेलही. ओट्याखाली उभे राहून, टोपी काढून ते म्हणाले, "साहेब, आपला गैरसमज नको. ही माणसं माझी नाहीत. सहाची जाहीर सभा आहे, तिला आली आहेत. माझ्यापुढे दहा-बारा असतात."

आर्चडीकनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, आणि तेच वाईट. मी म्हटलं, "मी खोटं बोलले, साहेब." पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय हे मला त्या ओट्यावर कळलं. जागा गेली, खोल्या गेल्या, आणि वर अप्पांच्या नावाला माझ्यामुळे बट्टा. अप्पा टोपी घालून परत निघाले.

आणि गर्दीतून बुवा आले. छातीवर संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला, घामानं भिजलेले, हातात सभेचं काहीतरी चिटोरं. त्यांनी अप्पांना अडवलं. "मास्तरांनू, खंय चललात? पाच वाजान गेले."

अप्पा म्हणाले, "अरे, आज कसलं? आज तुमचं मोठं काम आहे. मी पुढच्या गुरुवारी येईन."

"असा कसा चलात?" बुवा खरोखरच रागावले. "आमची सभा सहाची. पाच ते साडेपाच तुमची येळ. तुमचो अर्धो तास झाल्याशिवाय आमचो लाउडस्पीकर लागाचो नाय. खोक्या कवाधरना मांडून ठेवलंय!"

मी बघितलं. मंचाच्या थोडं अलीकडे, भिंतीशी, नेहमीच्याच जागी खोकं होतं. एवढी गर्दी, पाय ठेवायला जागा नाही, पण त्या खोक्याभोवती हात-दीड हात रिकामं सोडलेलं. कुणी त्यावर बसलं नव्हतं. दमलेली, दिवसभर साच्यापुढे उभी राहिलेली माणसं खाली डांबरावर बसली होती आणि तयार खोकं मोकळं ठेवलं होतं.

अप्पा चढले. सव्वीस वर्षांत दहा-बारा माणसांपलीकडे न पाहिलेले अप्पा, आणि पुढे नुसती डोकीच डोकी. बुवांनी हात वर केला. कुणी घोषणा देत होतं तेही थांबलं. मला नाही वाटत परळनं कधी कुणासाठी इतकी शांतता राखली असेल.

त्यांनी आपली ती गोष्ट सुरू केली. महिन्यातून एकदा तरी ती असायचीच; मला तिचा कंटाळा होता. एका चाळीत एक बाई होती, तिला दहा मुलगे. संध्याकाळी दहा ताटं मांडायची. एक दिवस नऊ घरी आले, दहावा आला नाही. लोक म्हणाले, बाई, नऊ आले ना, लाव आता दार. ती म्हणाली, नऊ आले म्हणून दार लावू? "मग ती बाई उठली," अप्पा म्हणाले, "ती बाई उठली आणि…"

आणि ते थांबले. ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा म्हणाले, "ती बाई उठली आणि…" हातातल्या शास्त्राकडे पाहिलं. तिथे कुठली असणार ही गोष्ट, ती त्यांनीच घडवलेली! इतकी माणसं बघून त्यांचं सगळं पुसलं गेलं होतं. मी ओट्यावर मुठी आवळून मनातल्या मनात ओरडत होते, सांगू का, पुढचं सांगू का, आणि मला पुढचं येत नव्हतं. मी त्यांची मुलगी. चोवीस वर्षं त्यांच्या घरात जेवले, आणि ती बाई उठून काय करते हे मला माहीत नव्हतं. मी कधी ऐकलंच नव्हतं.

खाली बसलेल्यांतून एक आवाज आला, "कंदील घेतला, मास्तर."

अप्पांनी तिकडे पाहिलं. दुसरीकडून कुणी म्हणालं, "चपला नाही घातल्या. तशीच धावली." मग वरच्या गॅलरीतून एक बाई तावातावानं, "अहो, आधी ताट झाकलं! त्याचं ताट झाकून ठेवलं, मग कंदील!" "हां, ताट आधी," चार-पाच जणांनी कबूल केलं. "ताटात काय होतं?" कुणीतरी मागून विचारलं, आणि दहा ठिकाणांहून उत्तर आलं, "भाकरी आणि बोंबलाची चटणी!" माणसं हसली. कुणी जिन्याचं सांगितलं, की ती बाई प्रत्येक मजल्यावर थांबून हाक मारते. कुणी भोंग्याचं सांगितलं, की गिरणीचा भोंगा वाजला आणि तिची हाक बुडाली, पण ती थांबली नाही.

देवा रे! ही माणसं कधी थांबली नव्हती. त्या दहा-बारांत यांतलं कुणी नव्हतं. ही पाळीवरून घरी जाणारी, भाजी आणायला निघालेली, नळावर हंडा लावून गॅलरीत टेकलेली माणसं. जाता-येता ज्याच्या कानावर जो तुकडा पडला तो त्यानं नेला होता आणि जपून ठेवला होता, आणि त्या संध्याकाळी सगळे तुकडे हातोहात परत येत होते. अप्पांची अख्खी गोष्ट त्या रस्त्यावर पसरलेली होती आणि अप्पांनाच त्याचा पत्ता नव्हता. देवळात इतकी वर्षं गुडघे टेकले, पण देव इथे आत्ता उभा आहे असं मला पहिल्यांदा त्या नाक्यावर वाटलं. मी आर्चडीकनसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"बरोबर," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता, पण वेगळाच. "आधी ताट झाकलं. मग कंदील घेतला."

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बाई उठून उभी राहिली. नऊवारी, वय झालेली, डोक्यावर पदर. ती म्हणाली, "मास्तर, मी नेहमी इथवरच ऐकते. मग बस येते. तो सापडतो का हो?"

या ठिकाणी अप्पांचा ठरलेला शेवट होता, तेवढा मला ठाऊक होता. हात उंचावून ते म्हणायचे की ती आई म्हणजे परमेश्वर आणि तो दहावा म्हणजे तू, ऐकणारा. तो हात उचलला जायची मी वाट बघत होते. अप्पा त्या बाईकडे बघत राहिले. हात उचलला नाही. खोक्यावरून ते तिच्याशी बोलले, शेजारणीशी बोलावं तसे.

"सापडतो, बाई. उशीर होतो, पण ती दार लावत नाही. आणि सापडतो."

बाईनं पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. अप्पा खोक्यावरून उतरले. साडेपाचला अजून दहा मिनिटं होती. त्या बाईचा थोरला मुलगा सत्याग्रहात पकडला गेला होता आणि कुठल्या तुरुंगात ठेवलाय हे तिला कळलेलं नव्हतं, हे बुवांनी आम्हाला नंतर सांगितलं.

आर्चडीकनसाहेब ओट्यावरून उतरून खोक्यापाशी गेले. त्या लाकडावरून त्यांनी हात फिरवला आणि अप्पांना विचारलं, "हेच ते? तुमच्या अहवालात दर वर्षी असतं ते?" म्हणजे कुणीतरी ते वाचत होतं! अप्पा म्हणाले, "होय साहेब. पहिल्यापासूनचं. सव्वीस वर्षं झाली, अजून मजबूत आहे."

बुवा फिस्सकन हसले. मग अप्पांचा चेहरा बघून ओशाळले. "मास्तर, ह्या चवथा."

"काय चौथं?"

"खोक्या. पयल्याक वाळवी लागली. दुसरा पुरात गेला. तिसरा एका मोर्चात मोडला, त्येच्यावर कोणतरी चढलो होतो. आमीच करतंव. मंडळात एक सुतार आसा." बुवांनी खांदे उडवले. "तुमका कशाक सांगूचा? तुमी म्हणा होतास देवाची कृपा. म्हटलां, आसांदे."

अप्पा त्या खोक्याकडे बघत राहिले. मग हळूच त्याच्यावर बसले. उभं राहायच्या खोक्यावर मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाद्रीसाहेब पुढे झाले आणि त्यांच्या शेजारी डांबरावर बसले, पांढऱ्या पँटसकट. सहा वाजता सभा सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो, आर्चडीकनसाहेबसुद्धा. त्यांना किती कळलं देव जाणे, पण टाळ्या मात्र वाजवत होते.

घरी जाताना मी अप्पांच्या दोन पावलं मागे होते. बोलायचं धाडस नव्हतं. तेच थांबले. "तू माझ्यासाठी खोटं बोललीस, ते कळलं मला," ते म्हणाले. "पण पुन्हा माझी माणसं वाढवून सांगू नकोस. दहा तर दहा. कुणी ऐकावं हे काही आपल्या हातात नसतं गं." मी रस्त्यात उभी राहून भोकाड पसरलं, चोवीस वर्षांची घोडी. अप्पांनी छत्रीची मूठ माझ्या पाठीवर दोनदा हळूच थापटली.

जागा बंद झालीच. मला तेव्हा फार राग आला. आज वाटतं, पाद्रीसाहेबांचं खरं होतं. त्यांनी पुढच्या रविवारी मंडळीला सांगितलं, बोलायला जमत नसेल तर बोलू नका, पण दर गुरुवारी चार जणांनी नाक्यावर जाऊन उभं राहायचं, लोकांचं ऐकायचं. पहिले काही आठवडे नाकं मुरडली गेली, कुणाचं डोकं दुखलं, कुणाकडे पाहुणे आले. मग हळूहळू जायला लागले. इस्त्रीच्या कोटातले आमचे लोक शेंगदाणे खात बुवांशी गप्पा मारताना मी डोळ्यांनी पाहिलेत. नाशकाला अप्पा गेले नाहीत. माझं लग्न होऊन अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत जागा मिळाली, तिथे आई-अप्पांना मी घेऊन आले. दर गुरुवारी ते बसनं परळला जायचे, कुणाच्या नेमणुकीशिवाय. आणि मी नाक्यावरच्या स्टॉपपर्यंत त्यांच्याबरोबर बसून राहायचे.

पण हे सगळं पुढचं. त्या गुरुवारनंतरच्या शनिवारी अहवाल भरायचा होता, शेवटचा. मी नेहमीप्रमाणे चटईवर बसले, अप्पा सांगत गेले. सभा इतक्या, ठिकाण परळ, विषय अमुक. शेवटच्या रकान्यापाशी आलो. फळ. मी सवयीनं लेखणी उचलून पुढे सरकले.

"थांब," अप्पा म्हणाले. खाकरले. "ती जागा सोडू नकोस. लिही."

"काय लिहू?"

"लिही, चार खोकी."

मी लिहिलं.